एपिड्युरल नळी शिरेत शिरते तेव्हा: कर्करोगाच्या वेदनेचे एक प्रकरण

शिरेतून दिलेले मॉर्फिन मज्जारज्जूपर्यंत पोहोचते, पण फार थोडे पोहोचते. म्हणून तेच औषध बारीक नळीने मज्जारज्जूच्या शेजारी, म्हणजे त्याच्या आवरणाबाहेरच्या एपिड्युरल पोकळीत किंवा आवरणाच्या आतल्या मेरुद्रवात, नेऊन सोडायचे ठरते आणि मात्रा एकदम दहाव्या हिश्शावर किंवा शंभराव्या हिश्शावर येते. सगळी धोक्याची जागा याच भागाकारात आहे. औषध मज्जारज्जूशेजारी पडत असेपर्यंत लहान मात्रा पुरते. नळीचे टोक हलून शिरेत गेले, तर तीच मात्रा नगण्य ठरते आणि पंप मात्र बिनतक्रार चालू राहतो. खाली दिलेले प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. वेदना-उपचार विभागांत अशी परिस्थिती ओळखीची आहे, तिच्यावरून ते बांधले आहे. आकडे आणि मात्रा मात्र प्रत्यक्ष वापरातल्याच आहेत.

परिस्थिती

वय ५६, स्त्री, वजन ५० किलो. गुदाशयाच्या कर्करोगासाठी दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली, पोटाच्या डाव्या बाजूला शौच बाहेर येण्यासाठी कायमचे कोलोस्टोमीचे तोंड आहे. आता त्रिकास्थीच्या, म्हणजे मणक्यांच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, पुढे गाठ पुन्हा वाढली असून तिने त्रिक मज्जातंतूंच्या जाळ्याला वेढले आहे. बसले की आसनाच्या जागी आग होते, डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत विजेसारखी कळ जाते. डावा पाय सुजलेला आहे. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, गुठळी नाही, पण श्रोणीतल्या मोठ्या शिरा गाठीखाली दबल्या आहेत. ही पायाची सूज पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तोंडाने मॉर्फिन दर चार तासांनी १० मिग्रॅपासून सुरू होऊन सहा आठवड्यांत ५० मिग्रॅवर गेले, म्हणजे दिवसाला ३०० मिग्रॅ. सोबत पूरक म्हणून प्रीगॅबालिन, पॅरासिटामॉल आणि डेक्सामेथासोन. बसल्यावर वेदना १० पैकी ८. दिवसभर पेंग, आणि हातपायांना मधूनच झटके. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.६ निघाले, कारण गाठीने मूत्रवाहिनीही दाबली होती. मॉर्फिनचे यकृतात जे दोन मुख्य पदार्थ बनतात, त्यातला एम-६-जी वेदना कमी करतो व गुंगी आणतो, तर एम-३-जी मज्जासंस्थेला चेतवतो असे मानले जाते. दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि मूत्रपिंड मंदावले की साठतात. मूत्रवाहिनीत स्टेंट घातल्यावर क्रिएटिनिन १.१ वर आले आणि झटके थांबले. वेदना थांबली नाही.

मग शिरेतून मॉर्फिन, ताशी सुमारे ४ मिग्रॅ, दिवसाला जवळपास १०० मिग्रॅ. तोंडाचे ३०० म्हणजे शिरेचे १०० हा हिशेब इथे चपखल बसला. वेदना ६, पेंग तशीच. मात्रा वाढवली की गुंगी वाढे, वेदना अर्ध्या-एका अंकाने हलत असे. इथे फेंटॅनिल किंवा मेथॅडोन या दुसऱ्या अफूजन्य औषधांकडे वळणे हाही पूर्णपणे रास्त मार्ग होता आणि कोणी तो आधी घेतला असता तर चूक म्हणता आले नसते. पण वेदना कंबरेखालीच होती, बसण्याशी बांधलेली होती आणि मज्जातंतूच्या जातीची होती. अशा वेदनेत मज्जारज्जूजवळ थोडे बधिरीचे औषध मिळाले, तर शिरेतल्या कोणत्याही अफूजन्य औषधाला जमणार नाही असे काम होते. फिनॉल टोचून त्रिक भागाच्या मज्जातंतूंची मुळे मारण्याचा पर्याय मूत्राशयाच्या भीतीने बाजूला राहिला. गँग्लिऑन इम्पार या त्रिकास्थीच्या टोकापुढच्या मज्जातंतूंच्या गुच्छापर्यंत सुई जायची वाट तर गाठीनेच अडवली होती.

तीनशे, शंभर, दहा, एक

तोंडाने ३०० मिग्रॅ, शिरेतून १००, एपिड्युरल पोकळीत १०, मेरुद्रवात १. हे प्रमाण बहुतेक वेदनातज्ज्ञांच्या जिभेवर असते. ते ढोबळ आहे. त्यावरून मात्रा जशीच्या तशी देऊ नये, आधी अर्ध्यावर सुरुवात करावी. पण आकडे असे का, हे कळले तर पुढचा सारा घोटाळा आपोआप उलगडतो.

वेदनेचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात येतो. तिथे सब्स्टँशिया जेलॅटिनोसा नावाच्या थरात अफूग्राही, म्हणजे अफूजन्य औषध जिथे जाऊन बसते त्या जागा, दाटीने असतात. टोनी याक्श आणि थॉमस रूडी यांनी १९७६ मध्ये उंदरांच्या मेरुद्रवात थेट औषध सोडून दाखवले, की वेदना थांबवायला या ग्राहींपर्यंत औषध पोहोचणे पुरेसे आहे. १९७९ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना मेरुद्रवात ०.५ ते १ मिग्रॅ मॉर्फिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी एपिड्युरल मॉर्फिनचाही.

शिरेत सोडलेले मॉर्फिन मात्र सगळ्या शरीरात वाटले जाते. काही प्रथिनांना चिकटते, यकृत त्यातले भराभर बदलून टाकते. उरलेल्याला मज्जारज्जूच्या केशवाहिन्यांची घट्ट सांधलेली भिंत ओलांडायची असते, आणि मॉर्फिन पाण्यात रमणारे औषध असल्याने त्या मेदाळ भिंतीतून जेमतेम जाते. एपिड्युरल पोकळीत सोडलेल्या औषधाला केशवाहिन्यांची भिंत आडवी येत नाही, पण आवरणे येतात. ड्युरा हे बाहेरचे आवरण जाड दिसत असले तरी खरा अडसर त्याच्या आतल्या अरॅक्नॉइड या पातळ आवरणाचा. शिवाय एपिड्युरल पोकळीतली चरबी आणि शिरा औषधातला मोठा वाटा उचलून नेतात. मेरुद्रवात सोडले की हे सगळे अडथळे मागे पडतात.

या शिरांबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. मणक्यांच्या नळीत, ड्युराच्या बाहेर, शिरांचे जाळे कवटीपासून त्रिकास्थीपर्यंत पसरलेले आहे. ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्ये त्याचे महत्त्व दाखवल्यापासून त्याला बॅट्सनचे जाळे म्हणतात. त्यात झडपा नाहीत, त्यामुळे रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते. पोटातल्या मोठ्या शिरा दबल्या की खालच्या अंगाचे रक्त ही आडवाट धरते आणि जाळे फुगते. गरोदरपणात हेच होते, श्रोणीतल्या गाठीतही हेच. डावा पाय सुजलेला आहे याचा अर्थ नुसता पाय सुजलेला आहे एवढाच नसतो. एपिड्युरल पोकळीत सुई आणि नळी जाणार ती फुगलेल्या शिरांच्या गर्दीत, हाही त्याचा अर्थ.

नळी बसवणे

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ दिवसातून एकदा, रात्री ८ वाजता चालू होते. या प्रतिबंधक मात्रेनंतर मणक्यात सुई घालायला किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात. उपचाराच्या मात्रेत, म्हणजे किलोमागे १ मिग्रॅ दर १२ तासांनी असेल तर २४ तास, आणि त्या मात्रेवर नळी आत ठेवायचीच नसते. सकाळी ११ वाजता काम सुरू झाले.

रुग्ण कुशीवर. बसवून सुई घातली तर शिरा आणखी फुगतात, म्हणून फुगलेले जाळे अपेक्षित असेल तेव्हा कुशीवर निजवणे बरे. पहिल्या आणि दुसऱ्या कटिमणक्यांच्या मधून, मध्यरेषेवरून, १८ गेजची तुही सुई (एपिड्युरलसाठीची, वळत्या टोकाची). सलाईनच्या सिरिंजचा अवरोध ५ सेमीवर सुटला, म्हणजे सुई पोकळीत पोहोचली. नळी सरकवण्याआधी ५ मिली सलाईन सोडले. त्याने पोकळी थोडी उघडते आणि शिरा बाजूला सरतात. मग तारेची गुंडाळी असलेली मऊ टोकाची नळी ५ सेमी आत, त्वचेपाशी खूण १० सेमीवर. कडक नळी जास्त टोचते आणि ५ सेमीपेक्षा खोल गेलेली नळी भलतीकडे जाण्याची शक्यता वाढते.

मग चाचणी मात्रा: बधिरीचे औषध लिग्नोकेन, १.५ टक्के, ३ मिली, त्यात १५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन. टोक शिरेत असेल तर मिनिटभरात नाडी २० किंवा जास्तने वाढते. मेरुद्रवात असेल तर काही मिनिटांत पाय जड होतात. दोन्ही झाले नाही. रुग्ण बीटाब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारे औषध, घेत असेल तर नाडीवर विसंबू नये, वरचा रक्तदाब पाहावा.

१०० मिलीच्या पिशवीत परिरक्षक नसलेले मॉर्फिन १० मिग्रॅ आणि ०.५ टक्के बुपिव्हाकेन हे बधिरीचे औषध २० मिली, म्हणजे १०० मिग्रॅ. मिलीला ०.१ मिग्रॅ मॉर्फिन, १ मिग्रॅ बुपिव्हाकेन. मॉर्फिनची नेहमीची कुपी इथे चालत नाही. तिच्यातली परिरक्षके शिरेला सोसतात, मज्जातंतूंना सोसतीलच असे नाही. नळीला मध्ये कुठेही इंजेक्शनचे तोंड नाही, पिवळी पट्टी असलेली, आणि जोड आयएसओ ८०३६९-६ प्रकारातला, म्हणजे शिरेची सिरिंज त्याला लागतच नाही. हा जोड जिथे आलेला नाही तिथे निदान पट्टी आणि मोठ्या अक्षरातले लेबल तरी हवेच.

पहिल्या दिवशी ताशी २ मिली आणि शिरेतले मॉर्फिन निम्म्यावर, ताशी २ मिग्रॅ. दुसऱ्या दिवशी ताशी ४ मिली, म्हणजे दिवसाला ९.६ मिग्रॅ, शिरेतून ताशी १ मिग्रॅ. तिसऱ्या दिवशी सकाळी शिरेतले बंद. वेदना २. रुग्ण जागी, बसून जेवली. बर्फ लावून पाहिले तर दोन्ही मांड्यांपासून खाली गार स्पर्श बोथट, पायांची ताकद पूर्ण. मेरुदंडाजवळ मॉर्फिन दिल्यावर श्वास उशिरा मंदावू शकतो, म्हणून सुरुवातीचे १२ तास दर तासाला आणि पुढचे १२ तास दर दोन तासांनी श्वास, जागेपण आणि ऑक्सिजन पाहिले गेले. त्यात काही वावगे आढळले नाही.

तिसऱ्या दिवसाची रात्र

दुपारी ४ ला बर्फाची चाचणी नीट. ५ च्या सुमारास चादर बदलताना रुग्णाला दोन्ही कुशींवर वळवले. संध्याकाळी ८ ला वेदना ४, तक्त्यात बर्फाच्या चाचणीचा रकाना रिकामा. ८ वाजताच एनॉक्सापॅरिन दिले. रात्री ११ ला वेदना ७. फोनवर सल्ला मिळाला आणि वेग ताशी ६ मिली झाला. शिरेतून मॉर्फिनची जादा मात्रा मागितली, पण एपिड्युरल मॉर्फिन चालू असताना दुसऱ्या मार्गाने अफूजन्य औषध द्यायचे नाही हा नियम वॉर्डात लावलेला होता. कधी मॉर्फिन न घेतलेल्या, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णासाठी तो नियम प्राण वाचवणारा आहे. तीन दिवसांपूर्वीपर्यंत दिवसाला १०० मिग्रॅ शिरेतून घेणाऱ्या रुग्णासाठी तो तसाच लावणे चूक होते.

पहाटे ३ ला रुग्ण बिछान्यात एका जागी थांबेना. सतत जांभया, नाक गळते, अंगावर काटा, घामाने कपडे ओले, कोलोस्टोमीच्या पिशवीत पातळ शौच. नाडी ११०. निवासी डॉक्टरांनी नळीला सिरिंज लावून ओढून पाहिले, काही आले नाही. त्वचेवरची खूण १० सेमीवरच. म्हणून ०.२५ टक्के बुपिव्हाकेनचे १० मिली, ५-५ मिलीने, मध्ये तीन मिनिटे थांबून. दुसरे ५ मिली जात असताना रुग्ण म्हणाली, “सिस्टर, कानात काहीतरी घुमतंय. जीभ जड झालीये, तोंडाला लोखंडासारखी चव येतेय.”

बधिरीचे औषध थेट रक्तात जात असल्याची ही लक्षणे. इंजेक्शन तिथेच थांबले. या रात्रीतला सर्वांत चांगला निर्णय म्हणजे मात्रा तुकड्यांत देण्याचा. २५ मिग्रॅ एका दमात गेले असते तर झटके आले असते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण येणार नाहीत असे तर मुळीच म्हणता येत नाही.

ऑक्सिजन, मॉनिटर, मदतीला हाक. रक्तदाब १५० वर ९०, ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची मुख्य लहर, रुंदावलेली नाही. या विषबाधेवरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (मेदाचे दुधाळ द्रावण), खाटेशेजारी आणून मात्रा मोजून ठेवली: पहिली मात्रा किलोमागे १.५ मिली, म्हणजे ७५ मिली, दोन ते तीन मिनिटांत. मग दर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली, म्हणजे १२.५ मिली. एकूण मर्यादा किलोमागे १२ मिली, म्हणजे ६०० मिली. ७० किलोवरच्या रुग्णाला पहिली मात्रा सरसकट १०० मिली. झटके आले तर आधी मिडाझोलाम. भुलीचे औषध प्रोपोफोलही मेदात विरघळवलेले असते, पण त्यातला मेद या कामाला पुरत नाही आणि औषध हृदयाला दाबते. हृदय थांबलेच तर ॲड्रेनलिन नेहमीच्या १ मिग्रॅने नव्हे, किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत. लिग्नोकेन, व्हॅसोप्रेसिन, बीटाब्लॉकर, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर टाळायचे. दहा मिनिटांत कानातला आवाज थांबला आणि लिपिड द्यावे लागले नाही. लक्षणे मेंदूपुरतीच राहिली असली तरी निदान दोन तास मॉनिटर काढायचा नसतो. हृदयावर परिणाम झाला असता तर चार ते सहा तास.

नेमके काय झाले होते

नळीचे उघडे तोंड खाटेच्या पातळीखाली धरले. दोन मिनिटांत नळीत रक्त सरकत खाली आले.

ही साधी चाचणी फार थोडे लोक करतात, आणि सिरिंजने ओढून काही आले नाही की टोक शिरेत नाही असे गृहीत धरतात. एपिड्युरल शिरेची भिंत पातळ असते. जोराने ओढले की ती नळीच्या छिद्रांवर चिकटते आणि रक्त येत नाही. गुरुत्वाकर्षणाने हळू येऊ दिले तर येते. त्यानेही काही दिसले नाही आणि शंका उरलीच, तर मणक्यासाठी चालणारे, एक्स-रेत दिसणारे आयोहेक्सॉल ३ मिली हलत्या एक्स-रेखाली सोडावे. पोकळीत असेल तर ते पसरून राहते, शिरेत असेल तर धुरासारखे वाहून जाते. स्थिर चित्र काढले तर तोवर ते निघून गेलेले असते.

त्वचेवरची खूण हलली नव्हती, तरी टोक हलले होते. पाठ वाकवली आणि सरळ केली की त्वचा ते एपिड्युरल पोकळी हे अंतर बदलते. बाहेर चिकटवलेली नळी जागेवर राहते आणि आतली पुढेमागे होते. कुशी बदलताना फुगलेल्या शिरांच्या जाळ्यात ५ सेमी नळी एवढी हलायला पुरेशी होती.

आता आकडे जुळवून पाहा. दिवसाला ९.६ मिग्रॅ मॉर्फिन एपिड्युरल पोकळीत म्हणजे शिरेतल्या ९६ मिग्रॅएवढे. तेच शिरेत गेले तर फक्त ९.६ मिग्रॅच. रुग्णाचे शरीर रोजच्या १०० मिग्रॅला सरावलेले, त्याला अचानक दहावा हिस्सा मिळू लागला. रात्री ११ ला वेग दीडपट केल्याने दिवसाचे १४.४ मिग्रॅ झाले, त्याने काय फरक पडणार? जांभया, काटा, घाम, पातळ शौच ही अफू सुटल्याची ठळक लक्षणे होती. पण ती नळी शिरेत आहे हे सांगत नाहीत. नळी त्वचेखाली निसटली असती, जोड सुटला असता, तरी तीच लक्षणे आली असती. जागा सांगितली ती कानातल्या आवाजाने आणि तोंडातल्या चवीने.

मग बुपिव्हाकेन आधी काही का बोलले नाही? ताशी ४ ते ६ मिग्रॅ बुपिव्हाकेन शिरेत सावकाश गेले तर यकृत ते सहज निस्तरते, लक्षण उमटत नाही. पातळ मिश्रण सुरक्षित असते ते याच कारणाने, आणि नळी शिरेत गेल्याचे पातळ मिश्रण लपवते तेही याच कारणाने. चाचणी मात्रा पहिल्या दिवशी खरी होती. तिसऱ्या दिवसाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

सगळ्यात आधी इशारा देणारी गोष्ट होती बर्फाची. बुपिव्हाकेनचा परिणाम दोन-तीन तासांत ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून बराच उशिरा. म्हणून नळी हलली की पहिल्यांदा गार स्पर्श परत येतो, मग हालचालीची वेदना, मग बसल्याजागची, आणि शेवटी अफू सुटल्याची लक्षणे. ८ वाजता तो रकाना भरला असता तर गार स्पर्श परतलेला दिसला असता, आणि एनॉक्सापॅरिनची सुई देण्याआधीच प्रश्न विचारला गेला असता.

रात्री ११ ला करायचे होते ते असे. पंप ते त्वचा सगळी नळी बोटांनी चाचपायची, जोड सुटला का, पट्टीखाली ओल आहे का पाहायचे. बर्फाची चाचणी. पायांची ताकद आणि गुदद्वाराभोवतीची संवेदना, कारण अचानक वाढलेली वेदना गाठ मज्जारज्जूवर आल्याचे, रक्त साचल्याचे किंवा पू झाल्याचेही लक्षण असू शकते. ताप. नळीचे तोंड खाली. मग पुन्हा चाचणी मात्रा. एवढे झाल्याशिवाय ना वेग वाढवायचा, ना मोठी मात्रा द्यायची. आणि तपासणी होईस्तोवर वेदनेवर शिरेतून मॉर्फिन, कारण रुग्णाला ताटकळत ठेवायचे कारण नाही.

पहाट ते दुपार

एपिड्युरल पंप बंद. शिरेतून मॉर्फिन दर दहा मिनिटांनी २ मिग्रॅ, चार मात्रांनंतर घाम आणि अस्वस्थता उतरली. मग ताशी २ मिग्रॅ, आधीच्या ४ नव्हे. तीन दिवसांत मात्रा उतरत गेली होती, सराव थोडा घटला होता, आणि नळी हलण्यापूर्वीचे एपिड्युरल मॉर्फिन अजून मेरुद्रवात शिल्लक असू शकत होते. जुनी पूर्ण मात्रा परत देणे हा श्वास मंदावण्याचा हमखास मार्ग. मॉर्फिनचा उतारा नॅलोक्सोन ०.४ मिग्रॅ १० मिलीत पातळ करून जवळ ठेवले होते. लागलेच तर एका वेळी १ मिली, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. अफूला सरावलेल्या रुग्णाला अख्खी कुपी एकदम दिली तर वेदना आणि सुटल्याची लक्षणे दोन्ही उसळतात.

नळी लगेच काढली नाही. प्रसूतीच्या वेळी अशी नळी १ सेमी मागे ओढून, सलाईनने धुऊन, पुन्हा तपासून वापरतात. इथे रात्री ८ ला एनॉक्सापॅरिन गेलेले होते आणि टोक शिरेत होते. मागे ओढणे म्हणजेही ओरखडा. म्हणून नळीला टोपण लावून, ‘वापरू नये’ असे लेबल चिकटवून सकाळी ८ पर्यंत, म्हणजे १२ तास थांबले. काढल्यावर टोक सलग आहे ना ते पाहिले. पुढची एनॉक्सापॅरिनची मात्रा एरवी नळी काढल्यावर चार तासांनी देता येते. रक्त आलेले असल्याने २४ तास थांबवली.

दर दोन तासांनी पायांची ताकद तपासली. पाठीत नवी कळ, पाय जड, संवेदना कमी यांपैकी काहीही दिसले असते तर ताबडतोब एमआरआय. साचलेले रक्त मज्जारज्जू दाबत असेल तर लक्षण सुरू झाल्यापासून आठ तासांच्या आत दाब काढला तरच ताकद परत येण्याची आशा चांगली असते. रुग्णाला लघवीची नळी होती, त्यामुळे लघवी अडण्याचे लक्षण दिसणारच नव्हते. ही गोष्ट तक्त्यावर मुद्दाम लिहून ठेवावी लागते.

मेरुद्रवाकडे

तीन दिवसांचा आराम खरा होता. उपाय फसला नव्हता, नळीचे टोक भरकटले होते. आयुष्य तीन महिन्यांपेक्षा जास्त अपेक्षित असेल तर शरीरात बसवायचा पंप, कमी असेल तर त्वचेखालून नेलेली नळी आणि बाहेरचा पंप, ही सर्वसाधारण रेघ आहे. इथे पंप ठरला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २०२ कर्करोगी रुग्णांच्या तुलनेत पंप मिळालेल्या गटात ८४.५ टक्क्यांना ठरवलेले यश मिळाले, नुसत्या औषधोपचारांच्या गटात ७०.८ टक्क्यांना. फरक प्रचंड नाही. पण औषधांचे दुष्परिणाम पंपाच्या गटात स्पष्ट कमी होते, आणि पेंगेने हैराण झालेल्या रुग्णासाठी तेच मोलाचे.

आधी पूर्ण मणक्याचा एमआरआय. नळीच्या वाटेत गाठ असेल तर औषध पलीकडे जात नाही आणि सुई गाठीतून जाऊ शकते. मग शस्त्रक्रिया: चिरण्याआधी सेफाझोलिन हे प्रतिजैविक, तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यांमधून मध्यरेषेच्या बाजूने तिरकी सुई, नळीच्या दुसऱ्या टोकाला मेरुद्रव आपोआप टपकताना दिसला पाहिजे. शिरेचा इथला धोका वाटेतल्या सुईपुरताच, कारण नळीचे टोक आवरणाच्या आत, शिरांच्या जाळ्यापासून दूर असते.

टोक बाराव्या वक्षमणक्यापाशी ठेवले. मेरुद्रव शरीरात एकूण १५० मिलीच्या आसपास असला तरी पंपातून दिवसाला दशांश मिलीने येणारे औषध टोकाच्या जवळच राहते, दूर फारसे जात नाही. आणि मज्जारज्जू मणक्यांपेक्षा आखूड असल्याने त्रिक भागाची मुळे जिथून निघतात तो मज्जारज्जूचा भाग त्रिकास्थीत नसतो, पहिल्या कटिमणक्याच्या आसपास असतो. आसनाची वेदना म्हणून टोक खाली कमरेत ठेवले तर बधिरीचे औषध मज्जारज्जूच्या नेमक्या भागापर्यंत पोहोचतच नाही.

पंपाचा कप्पा पोटाच्या उजव्या बाजूला, कोलोस्टोमीपासून दूर, त्वचेखाली २.५ सेमीपेक्षा खोल नाही. खोल गेला की भरताना तोंड सापडत नाही आणि बाहेरून संकेतही नीट मिळत नाहीत.

मात्रेचा हिशेब: शिरेचे १०० म्हणजे मेरुद्रवाचे १ मिग्रॅ, त्याचे निम्मे ०.५ मिग्रॅ. २० मिलीच्या टाकीत मॉर्फिन मिलीला ५ मिग्रॅ आणि बुपिव्हाकेन मिलीला १० मिग्रॅ. वेग दिवसाला ०.१ मिली. इथे एक खड्डा आहे. पंपाच्या आतल्या नळीत साधारण ०.२ मिली मावते. शरीरातली नळी ६० सेमी, सेमीला ०.००२२ मिलीप्रमाणे ०.१३ मिली. मिळून ०.३३ मिली. या नळ्या भरण्यापुरते औषध सुरुवातीलाच वेगाने सोडले नाही, म्हणजे भरण-मात्रा दिली नाही, तर दिवसाला ०.१ मिलीने पहिला थेंब पोहोचायला तीन दिवसांहून जास्त लागतील, आणि रुग्ण पुन्हा पहाटे ३ च्या अवस्थेत. उलट, पंपाची आतली नळी टेबलावरच औषधाने भरून घेतलेली असताना यंत्रात दोन्ही नळ्या रिकाम्या धरल्या, तर जादा ०.२ मिली, म्हणजे १ मिग्रॅ मॉर्फिन काही मिनिटांत मेरुद्रवात पडेल. ही दोन दिवसांची मात्रा झाली. त्यामुळे भरण-मात्रेचा आकडा दोघांनी स्वतंत्रपणे काढून जुळवायचा, आणि पहिले २४ तास श्वासावर लक्ष.

शिरेतले मॉर्फिन पहिल्या दिवशी निम्मे, मग रोज थोडे थोडे कमी करत आठवड्याने बंद. पंप दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने दिवसाला ०.२ मिलीवर आला: मॉर्फिन १ मिग्रॅ, बुपिव्हाकेन २ मिग्रॅ. वेदना २ ते ३, पेंग नाही. टाकीत २ मिली उरले की इशारा वाजतो, म्हणजे वापरायला १८ मिली, ९० दिवस. पुन्हा भरायची तारीख त्याआधी आठवडाभर. भरताना २२ गेजची, रबर न कापणारी सुई, आणि टाकीतून परत आलेले जुने औषध अपेक्षेइतकेच आहे का ते मोजायचे. सुई टाकीऐवजी कप्प्यात गेली तर शंभर दिवसांचे मॉर्फिन त्वचेखालून एकदम शोषले जाते. भरताना कप्पा फुगला किंवा जळजळ झाली तर तिथेच थांबायचे, आणि नंतरचा निदान अर्धा तास रुग्णाला नजरेआड करायचे नाही.

टोकाशी दाहाची गाठ बनणे हा उशिराचा धोका आहे, तो मॉर्फिनच्या तीव्रतेशी व मात्रेशी निगडित असतो. तीव्रता मिलीला २० मिग्रॅच्या आत आणि दिवसाची मात्रा १५ मिग्रॅच्या आत ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच. इथे दोन्ही खूप खाली होते.

घरी जाताना दिलेल्या कार्डावर औषधांची तीव्रता, दिवसाचा वेग, नळीची लांबी, टोकाचा मणका, इशाऱ्याची तारीख, आणि ठळक अक्षरात: आराम अचानक गेला आणि जांभया, घाम, काटा, जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी या; तोवर घरी दिलेल्या मॉर्फिनच्या १० मिग्रॅच्या गोळीतली एक घ्या, झोप किंवा गुंगी येत असेल तर मात्र घेऊ नका.